सत्तरीत गिटार शिकताना

रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावरून सोडवीत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारले, "डॉक्टर, गिटार शिकावी म्हणतो. घरच्या घरी जमेल का?"

वय एकाहत्तर. बँकेतून निवृत्त. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, पण दोन्ही आटोक्यात. त्यांच्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्यांना सारे समजते, मात्र दोन-चार शब्दांपलीकडे तोंडून काही उमटत नाही. तेव्हापासून काकांना घराचा उंबरठा ओलांडायचा तो घड्याळाकडे पाहून. सकाळी नऊ ते अकरा एक मदतनीस बाई येतात. त्या दोन तासांत बँक, औषधे, भाजी आणि विजेचे बिल. उरलेल्या बावीस तासांना काका एकटेच.

दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांना म्हटले होते, "काका, स्वतःसाठीही काहीतरी करा. एखादा छंद लावून घ्या." हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी जीवनसत्त्वाच्या गोळीसारखे लिहून देतो. बाहेर वीस रुग्ण ताटकळत असले की ते फारच सोयीचे पडते. काकांनी मात्र ते मनावर घेतले. मुलगा परदेशी जाताना माळ्यावर टाकून गेलेली गिटार त्यांनी खाली उतरवली, पुसली आणि आता ते मला जाब नव्हे, पण हिशेब विचारायला आले होते. वर्गाला जाणे शक्य नाही. नातीने मोबाइलवर एक ॲप घालून दिले आहे, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक आणले आहे, आणि यूट्यूबवर तर शिकवणाऱ्यांची जत्राच भरलेली. "यातले नेमके कोणते धरू?"

"पुढच्या वेळी सविस्तर सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. खरे कारण असे की, या विषयातला माझा स्वतःचा अनुभव सांगण्याजोगा नव्हता. तो आता सांगणार आहे.

शिकण्याच्या पद्धतींकडे वळण्यापूर्वी वाद्याविषयी दोन शब्द, कारण सत्तरीतले निम्मे विद्यार्थी पद्धतीपायी नव्हे, तर तारांपायी हात टेकतात. आपल्याकडे घरोघरी आढळणारी गिटार बहुधा पोलादी तारांची असते. तिच्या सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. नायलॉनच्या तारांच्या, म्हणजे क्लासिकल म्हणतात त्या गिटारवर तो साधारण चाळीस किलो असतो. कोवळ्या, पातळ झालेल्या त्वचेच्या बोटांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. पूर्वी या गिटारच्या वरच्या तारा आतड्याच्या असत. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि त्या जगभर नेल्या आन्द्रेस सेगोव्हिया या स्पॅनिश वादकाने. सेगोव्हिया गिटार बव्हंशी स्वतःच शिकले होते. १९८७ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर अखेरच्या काही वर्षांतही ते मैफली करीत होते. वयाचे कारण पुढे करणाऱ्यांना मी हे नाव सांगतो. ते अर्थात लहानपणापासून वाजवीत होते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

माळ्यावरून काढलेल्या गिटारच्या तारा गंजलेल्या असतात आणि दांडी वाकून तारा उंच गेलेल्या असतात. वाद्यांच्या दुकानात नेऊन ती नीट करून घ्यावी. पोलादी तारांचीच गिटार असेल तर सर्वांत बारीक जाडीचा संच चढवून घ्यावा. मात्र नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. एवढा ताण तिच्या लाकडाला सोसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनाही तारा दाबण्यास सहसा हरकत नसते. तार बदलताना तिचे टोक बोटात शिरते, तेवढे काम दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावे.

आता पद्धती.

पुस्तकाविषयी माझे मत अलीकडे बदलले आहे. पूर्वी मला वाटे, वाद्य पुस्तकातून शिकणे म्हणजे पाककृती वाचून पोट भरणे. पण शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा दिवस पाहिला, की पुस्तकाची थोरवी कळते. मध्येच हाक आली, कूस बदलायची वेळ झाली, दूध उतू गेले. पुस्तक जिथे होते तिथेच उघडे पडून राहते. परत आल्यावर जाहिरात लागत नाही, की यंत्र झोपी गेलेले नसते. त्यात क्रम असतो. आधी एक तार, मग दोन, मग सोप्या कॉर्ड. हा क्रम कोणीतरी विचारपूर्वक लावलेला असतो आणि प्रौढ मनाला अशा क्रमाचा आधार वाटतो. दोष एकच, पण मोठा आहे. पुस्तक मुके असते. आपण काढलेला सूर बरोबर की चूक, हे ते सांगत नाही. शिवाय बाजारातली बहुतेक पुस्तके इंग्रजीत, त्यातली गाणी आपल्या कानावरून कधी न गेलेली. अनोळखी गाणे चुकले तरी चुकले हे समजणार कसे?

यावर एक तोड आहे आणि ती आपल्या घरातच आहे. या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनी लहानपणी पेटीवर सारेगम घोटले असेल, काहींनी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षाही दिल्या असतील. त्यांनी कॉर्डच्या मागे लागण्याआधी एकाच तारेवर सप्तक मांडून पाहावे. गिटारच्या दांडीवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना सतारीप्रमाणे पडदे म्हणू. प्रत्येक पडदा म्हणजे पेटीची एक पट्टी, मग ती काळी असो वा पांढरी. सुटी तार हा षड्ज धरला, तर दुसऱ्या पडद्यावर शुद्ध रिषभ, चौथ्यावर गंधार, पाचव्यावर मध्यम, सातव्यावर पंचम, नवव्यावर धैवत, अकराव्यावर निषाद आणि बाराव्यावर वरचा षड्ज. एवढे आठ आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले, की पाठ असलेली कोणतीही प्रार्थना, अंगाईगीत किंवा आरती एका बोटाने हुडकता येते. पहिल्या आठवड्यात आपल्या ओळखीचे काहीतरी वाजते, आणि ते बरोबर वाजले की नाही, हे सांगायला आपला सत्तर वर्षे मुरलेला कान हजर असतो. पुस्तकाचे मुकेपण असे निम्मे भरून निघते.

आता व्हिडिओ, आणि माझी फजिती.

बावन्नाव्या वर्षी मीही गिटार घेतली होती. दवाखाना रात्री नऊला बंद होई, जेवण उरकून मी साडेदहाला मोबाइल समोर ठेवून बसे. शिकवणारा तरुण हसतमुख होता. तिसऱ्याच आठवड्यात त्याने एफ ही कॉर्ड घ्यायला सांगितली. तिच्यात तर्जनी आडवी टाकून साऱ्या तारा एकदम दाबाव्या लागतात आणि उरलेल्या बोटांनी वर आणखी तीन जागा धरायच्या असतात. त्याची सहज लागे, माझी लागेना. मी अधिक जोर लावला. दीड-दीड तास लावला. महिनाभराने एके सकाळी डाव्या हाताची अनामिका वळलेलीच राहिली. दुसऱ्या हाताने उलगडली तेव्हा खटकन आवाज झाला. रुग्णांना आयुष्यभर समजावून सांगितलेला आजार मला स्वतःच्या हातावर ओळखायला चार दिवस लागले!

त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. बोट वळवणारी शीर, म्हणजे स्नायूची दोरी, तळहातात बोटाच्या मुळाशी एका अरुंद बोगद्यातून जाते. वारंवार जोराने पकड घेतली की बोगद्याचे तोंड जाड होते, दोरीवर गाठ येते आणि ती अडकते. सकाळी त्रास अधिक जाणवतो. मधुमेह असलेल्यांत हा आजार बराच अधिक आढळतो, म्हणून काकांच्या बाबतीत मला जपून बोलणे भाग होते. मला सहा आठवडे बोटाला पट्टी बांधून बसावे लागले, अखेरीस अस्थिरोगतज्ज्ञ मित्राकडून तळहातात स्टिरॉइडचे इंजेक्शन घ्यावे लागले. मधुमेही रुग्णाने असे इंजेक्शन घेतल्यास पुढील काही दिवस साखर वाढू शकते, तेव्हा ती मोजत राहावी. त्यानंतर गिटार कपाटात गेली ती अगदी परवापर्यंत.

त्या तरुणाचा यात दोष नव्हता. त्याला मी दिसतच नव्हतो. व्हिडिओची सारी मर्यादा इथेच आहे. आपण शिक्षकाला पाहतो. शिक्षक आपल्याला पाहत नाही. मनगट काटकोनात वाकले आहे, अंगठा दांडीमागे चिमट्यासारखा दाबून धरला आहे, श्वास रोखला आहे, खांदा कानाला लागला आहे, यांतले काहीही त्याला कळत नाही. शेजारी बसलेला माणूस एका शब्दात सांगेल, "सोडा, सैल सोडा."

तरीही व्हिडिओ टाकाऊ नाही. हात प्रत्यक्ष कसा फिरतो, हे पुस्तकातील ठिपक्यांवरून कधीच कळत नाही. गती पाऊणपट किंवा निम्मी करण्याची सोय असते, ती वडीलधाऱ्यांनी विनासंकोच वापरावी. पथ्य एवढेच, की एकच शिक्षक धरावा. जस्टिन सँडरको या मूळच्या ऑस्ट्रेलियन शिक्षकाची मालिका क्रमवार आहे आणि तिचे मूळ धडे विनामूल्य आहेत. मराठी-हिंदीतही चांगले शिकवणारे आहेत. आज याचा धडा, उद्या त्याचा, असे केले की सहा महिन्यांनी दहा गाण्यांची सुरुवात येते आणि शेवट एकाचाही येत नाही.

डोळ्यांचा प्रश्न इथे येतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे वाचण्याचा भाग खाली असतो. समोर हातभर अंतरावर ठेवलेला पडदा किंवा पुस्तक त्यातून पाहायचे, तर हनुवटी वर करून मान मागे टाकावी लागते. पंधरा मिनिटांत मानदुखी सुरू होते आणि खापर गिटारवर फुटते. नेत्रतज्ज्ञांना अंतर मोजून सांगावे आणि तेवढ्यासाठी साधा, एका नंबरचा चष्मा करून घ्यावा. खर्च थोडा, उपयोग मोठा. मोबाइलऐवजी दूरदर्शन संचावर व्हिडिओ लावता आला तर उत्तमच. बसायला हात नसलेली खुर्ची घ्यावी, आणि वाद्यावर ओणवे होऊन बोटांकडे पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेऊ नये.

ॲपविषयी थोडक्यात. मोबाइलचा कान आपले वादन ऐकतो आणि सूर-ताल बरोबर असल्यास हिरवी, चुकल्यास लाल खूण दाखवतो. ही मोठीच गोष्ट आहे, कारण पुस्तक आणि व्हिडिओ दोन्ही बहिरे आहेत. पण तो कानच, डोळा नव्हे. वाकलेले मनगट त्यालाही दिसत नाही. आणि त्याची एक खोड मला शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीने फार खटकते. सलग किती दिवस सराव केला याची तो नोंद ठेवतो आणि खंड पडला की आठवण करून देतो. ज्या घरात आजारी माणूस आहे, तिथे खंड पडणारच. रात्रभर जागरण झालेल्या माणसाला सकाळी एका यंत्राने "आपली साखळी तुटली" असे कळवावे, याला काय म्हणावे? काकांना मी ती सूचना बंद करून दिली. तार जुळवून देणारे उपकरण मात्र जरूर घ्यावे. गिटारच्या डोक्याला चिमट्याने लावायचे मिळते, ते सर्वांत सोपे.

ऐकू कमी येत असलेल्यांना धीर देण्यासारखी एक गोष्ट आहे. वयोमानाने प्रथम जाते ती तीव्र, उंच आवाज ऐकण्याची क्षमता. गिटारच्या सुट्या तारांचे मूळ स्वर ८२ ते ३३० हर्ट्झच्या दरम्यान आहेत, आणि हा पट्टा सहसा शेवटपर्यंत बरा ऐकू येतो. पण श्रवणयंत्र हे बोलणे ऐकण्यासाठी बांधलेले असते. लांबत जाणाऱ्या सुराला ते शिट्टी समजून दाबू पाहते आणि सूर थरथरल्यासारखा ऐकू येतो. पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना करता येते. श्रवणतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगावे. गिटार बिघडली समजून दुकानात नेणारे एक गृहस्थ मला ठाऊक आहेत.

राहिला शिक्षक. स्वतः शिकणे याचा अर्थ कोणालाही न विचारता शिकणे, असा आपण उगाचच करून घेतला आहे. माझ्या मते प्रारंभी दोन-तीन वेळा आणि पुढे महिन्यातून एकदा कोणीतरी जाणत्याने आपले हात पाहून जावे. बाकीचे दिवस पुस्तक आणि व्हिडिओ. एवढ्याने व्हिडिओतला सर्वांत मोठा धोका टळतो. काकांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी गिटार वाजवतो. तो रविवारी वीस मिनिटे येतो. काका त्याला "सर" म्हणतात, तो यांना "काका" म्हणतो. पहिल्याच दिवशी त्याने सांगितले, की बोट पडद्यांच्या मधोमध नव्हे, पडद्याला लागून पण त्याच्या अलीकडे ठेवा. आणि तार आधी अलगद स्पर्शा, मग सूर स्वच्छ होईतोवरच दाब वाढवत न्या, त्यापुढे नको. हे दोन नियम मला बावन्नाव्या वर्षी कोणी सांगितले असते, तर माझे एक इंजेक्शन वाचले असते.

त्या मुलाने आणखी एक शहाणपण केले. एफच्या वाटेला तो गेलाच नाही. सी ही कॉर्ड तीन बोटांची असते. पण खालच्या बाजूच्या, म्हणजे बारीक तीनच तारा छेडल्या, तर दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर एक बोट ठेवून भागते. बारीक चार तारा घेतल्या आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवले की जी. तीनच तारा आणि पहिल्या तारेच्या पहिल्या पडद्यावर एक बोट, की जी सेव्हन. एकेका बोटाच्या या तीन कॉर्डवर कितीतरी साधी भजने निघतात. दोन बोटे चांगली चालत असतील तर ई मायनर आणि ए सेव्हन आहेतच.

संधिवाताने बोटे आखडलेले वाचक इथे मनात म्हणत असतील, आमचे काय? त्यांना मी जँगो रेनहार्टची गोष्ट सांगतो. १९२८ साली पॅरिसजवळ त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी जायबंदी झाली. अठरा वर्षांच्या त्या मुलाने उरलेल्या दोन बोटांवर आपली वादनशैली नव्याने रचली आणि जॅझमध्ये अजरामर झाला. आपल्याला अजरामर व्हायचे नाही. आरती वाजवायची आहे. दोन बोटे पुरतात. आणि बोटांची टोके मुळीच सहन करीत नसतील, तर गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूची कांडी सरकवण्याची पद्धत आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी याच मार्गाने रागसंगीत गिटारवर आणले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी पुष्कळांच्या घरी असेल. तिथे दाब लागत नाही, पण कान पक्का लागतो, कारण पडदा आपल्याला सावरून घेत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, बोट सकाळी अडकत असेल किंवा रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मात्र सराव थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

किती वेळ वाजवावे? माझ्यासारखे दीड तास तर नक्कीच नव्हे. दहा मिनिटे सकाळी, दहा संध्याकाळी. हाताचे कौशल्य एका बैठकीत रेटण्यापेक्षा विभागून केलेल्या सरावाने चांगले मुरते आणि त्यात रात्रीच्या झोपेचाही वाटा असतो. संध्याकाळी न जमलेली जागा सकाळी आपसूक जमून जाते, हा अनुभव अनेकांना येईल. बोटांच्या टोकांना घट्टे पडायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर थोडे दुखणारच. फोड आला तर दोन दिवस विश्रांती. मधुमेहींनी वाजवून झाल्यावर बोटे निरखून पाहावीत. मोबाइलवर आठवड्यातून एकदा स्वतःचे दोन मिनिटांचे वादन मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवताना न ऐकू आलेल्या चुका दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऐकू येतात. माझ्या मते घरी शिकणाऱ्याचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित शिक्षक आहे.

"याने स्मृतिभ्रंश टळतो ना?" हा प्रश्न मला प्रत्येक छंदाबाबत विचारला जातो. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील ४६९ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु ज्यांचा मेंदू आधीच शाबूत आहे तेच अशा गोष्टी करत राहतात, ही शक्यता अशा अभ्यासातून पूर्णपणे दूर होत नाही. म्हणून मी तसे आश्वासन देत नाही. औषध म्हणून वाजवू नका. गोळी चुकवून तर मुळीच वाजवू नका.

काकांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. तो त्यांनी दाराशी उभे राहून विचारला. "हिची वाचा... गाण्याने येते म्हणतात. खरे का?" डाव्या मेंदूला इजा होऊन बोलणे गेलेले काही रुग्ण शब्द बोलू शकत नाहीत, पण ओळखीच्या गाण्यातले तेच शब्द गाऊ शकतात, हे खरे आहे. त्यावर आधारलेली एक उपचारपद्धती १९७३ साली बॉस्टनच्या तज्ज्ञांनी मांडली. पण ती वाचा-उपचारतज्ज्ञाने शिस्तीने करावयाची गोष्ट आहे आणि प्रत्येकाला लागू पडत नाही. मी त्यांना तज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी दिली आणि सांगितले, की गिटारकडून ही अपेक्षा धरू नका. वाजवाल ते त्यांच्यासमोर वाजवा, दार लावून घेऊन नको, एवढेच.

गेल्या आठवड्यात ते पुन्हा आले. चार महिने झाले होते. वरचा रक्तदाब पूर्वी १४६ होता, आता १४२. त्यात गिटारचा वाटा किती हे मी सांगू शकत नाही. ॲप त्यांनी काढून टाकले आहे. पुस्तक आणि तो एकच व्हिडिओवाला शिक्षक चालू आहे, रविवारचे "सर" चालू आहेत. दोन भजने येतात. एकाचे कडवे मध्ये अडते. काकू पलंगावर टेकून ऐकतात. बोलत काही नाहीत, पण सूर चुकला की डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटतात. "एकदा आपटला की चूक, दोनदा आपटला की पुरे झाले," काका म्हणाले. त्या लग्नाआधी पेटी शिकल्या होत्या, हे मला चौदा वर्षांत ठाऊक नव्हते.

मग त्यांनी तक्रार सांगितली. साखर मोजण्याचे यंत्र बिघडले आहे, रोज चूक दाखवते. यंत्र त्यांनी पिशवीतून आणलेच होते. मी डाव्या हाताची तर्जनी पाहिली. टोकाला खरखरीत, पिवळसर घट्टा पडला होता आणि सुई त्यातून आत पोचतच नव्हती. रक्ताचा थेंब पट्टीला पुरेल एवढा येत नव्हता. मी त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीच्या कडेला सुई टोचली. थेंब आला. आकडा १३८.